तारण आणि बाप्तिस्मा: ‘देवाच्या दरबारा’चे मर्म

नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात दोन घटना अशा आहेत की, त्यांची परस्परसंगती लावल्यावाचून त्यांच्या ख्रिस्ती विचाराचे व काव्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. पहिली घटना १० फेब्रुवारी १८९५ ची. त्या दिवशी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी जात, आप्तेष्ट व काही वर्षांपुरता पत्नीचा सहवास एवढ्या गोष्टींना ते अंतरले. दुसरी घटना १९१७ ची. त्या वर्षी अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून ते साताऱ्यास राहू लागले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांनी एकत्र यावे, अशी त्यांची योजना होती. ज्या संस्कारासाठी मनुष्याने एवढी जबर किंमत मोजली, तोच संस्कार पुढे त्याने आपल्या बंधुमंडळाच्या प्रवेशाची अट म्हणून ठेवू नये, हे सकृद्दर्शनी विसंगत दिसते.

या विसंगतीविषयी दोन तर्क संभवतात. बाप्तिस्मा घेतल्याचा टिळकांना उत्तरायुष्यात पश्चात्ताप झाला, हा एक; भक्तिसंप्रदायाच्या ओढीने ते ख्रिस्ती सिद्धान्तापासून दूर गेले, हा दुसरा. हे दोन्ही तर्क टिकण्यासारखे नाहीत. तारणासाठी बाप्तिस्मा अवश्य आहे काय, या प्रश्नाचे ख्रिस्ती परंपरेने दिलेले उत्तर एक आणि मराठी समाजाने त्या संस्काराला दिलेला अर्थ दुसरा. या दोहोंमधील अंतर टिळकांनी ओळखले होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे विसंगती बव्हंशी नाहीशी होते. उरते ती अडचण निराळी आहे, आणि तिचा विचार शेवटी करावयाचा आहे.

१

प्रथम सिद्धान्ताकडे पाहणे इष्ट ठरेल. नव्या करारात या प्रश्नाला दोन बाजूंनी आधार सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेमाशी झालेला संवाद (अध्याय ३) पाणी व आत्मा यांपासून होणाऱ्या जन्माची अट घालतो. मार्काच्या अखेरच्या अध्यायात विश्वास व बाप्तिस्मा यांची सांगड तारणाशी घातली आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर नोहाच्या जलप्रलयाचा दृष्टान्त घेऊन बाप्तिस्मा तारतो असेच म्हटले आहे. उलट पक्षी, लूकच्या शुभवर्तमानातील वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्यावाचून स्वर्गाचे आश्वासन मिळते. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पाणी मागाहून येते. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल आपणांस बाप्तिस्मा देण्यासाठी नव्हे, तर शुभवर्तमान सांगण्यासाठी पाठविले आहे असे बजावतो. मार्कातील तो उल्लेखही लक्षपूर्वक वाचला पाहिजे. त्याच्या उत्तरार्धात दोषी ठरतो तो विश्वास न ठेवणारा. बाप्तिस्मा न घेतलेल्याचा तेथे उल्लेख नाही.

चर्चच्या इतिहासात या दोन बाजूंचा मेळ घालण्याचा प्रयत्न पुष्कळ जुना आहे. बाप्तिस्म्यापूर्वीच हौतात्म्य पत्करलेल्यांस रक्ताचा बाप्तिस्मा झाला असे प्रारंभीच्या शतकांतच मानले जाऊ लागले. ३९२ साली रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन हा बाप्तिस्म्याची इच्छा प्रकट करूनही तो होण्यापूर्वीच मरण पावला, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने अंत्यभाषणात त्याच्या बहिणींचे सांत्वन केले ते याच विचाराने: ज्याने मागितले त्याला ते मिळालेच. पुढे १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्म्याची आवश्यकता ठामपणे प्रतिपादिली. तथापि त्याच परिषदेच्या नीतिमत्करणाविषयीच्या निर्णयात बाप्तिस्मा ‘किंवा त्याची इच्छा’ या अर्थाचा विकल्प ठेवलेला आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे शुद्ध अंतःकरणाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारणाची वाट मोकळी असल्याचे मान्य केले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने या विचाराचा निष्कर्ष असा मांडला की, देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले आहे, परंतु देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही.

प्रॉटेस्टंट पक्षातही एकमत नाही. १५३० च्या आउग्सबुर्गच्या कबुलीत लूथरपंथीयांनी बाप्तिस्मा तारणास अवश्य मानला. १६४७ च्या वेस्टमिन्स्टरच्या कबुलीने मात्र, या विधीची हेळसांड करणे हे मोठे पाप असले तरी कृपा व तारण त्याच्याशी अशी अविभाज्य रीतीने जोडलेली नाहीत की त्यावाचून कोणाचा उद्धारच होऊ नये, असे स्पष्ट केले. क्वेकर आणि मुक्तिफौज हे पंथ तर जलाचा बाप्तिस्मा करीतच नाहीत.

येथे एक गोष्ट टिळकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल परंपरेचे होते, आणि ती परंपरा वेस्टमिन्स्टरच्या कुळातली. सारांश, ज्या मंडळीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तिच्याच सिद्धान्ताप्रमाणे बाप्तिस्मा हे तारणाचे चिन्ह व मोहोर होती, कारण नव्हते. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यानंतर बाप्तिस्म्यापर्यंत सुमारे दोन वर्षे गेली. त्या काळात विश्वास होता, संस्कार नव्हता. व्हॅलेंटिनियनला जो न्याय अँब्रोझने लावला तोच लावला, तर त्या दोन वर्षांतील टिळक तारणाच्या बाहेर होते असे कोणतीच मुख्य ख्रिस्ती परंपरा म्हणणार नाही. तेव्हा ‘देवाच्या दरबारा’त त्यांनी न बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा दिली ती स्वतःच्या पूर्वस्थितीतील मनुष्याला दिली. यात सिद्धान्तभंग शोधणे व्यर्थ होय.

२

सिद्धान्त इतका सैल असता व्यवहार एवढा कडक का झाला, याचे उत्तर धर्मशास्त्रात मिळत नाही. ते मराठी भाषेत मिळते. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द मराठीने घेतला खरा, पण भाषांतर म्हणून नव्हे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडविणे, बुचकळणे असा आहे. तो अर्थ देशी शब्दात उतरवावा की शब्द तसाच ठेवावा, यावर गेल्या शतकाच्या मागील शतकात मोठा वाद झाला. बंगाली नव्या करारात बाप्टिस्ट भाषांतरकारांनी बुडविण्याचा अर्थ स्पष्ट करणारा शब्द योजिला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या आवृत्तीस साहाय्य नाकारले. त्या वादातून १८४० साली बाप्टिस्टांची स्वतंत्र भाषांतरसंस्था निघाली. शब्द अनुवादिला तर पंथाचा पक्ष घ्यावा लागतो, म्हणून तो न अनुवादिलेलाच बरा, असा यामागील व्यवहारी विचार होता. मराठी बायबलात ‘बाप्तिस्मा’ स्थिर झाला त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजतो. ज्याची व्युत्पत्ती मराठी वाचकाला काहीच सांगत नाही, असा तो शब्द आहे. आकारान्त असल्यामुळे तो पुल्लिंगी झाला, ‘बाप्तिस्म्याचा’, ‘बाप्तिस्म्याने’ असे सामान्यरूपही घेऊ लागला, म्हणजे व्याकरणात तो पुरता मराठी झाला. अर्थाच्या बाजूने मात्र रिकामा राहिला. रिकामे भांडे समाज आपल्या अर्थाने भरतो.

हा अर्थ कसा भरला गेला, ते त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून दिसते. प्रौढ नवख्रिस्ती ‘बाप्तिस्मा घेतो’. ही रचना ‘संन्यास घेणे’, ‘दीक्षा घेणे’ यांच्या पंक्तीतली. तीत कर्ता तो स्वतः व निर्णय त्याचा. भिवंडीच्या पश्चिमेस लागूनच असलेल्या वसईच्या पट्ट्यात निराळी रचना आढळते. तेथे १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता आणि ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. तेथे बाळाचा बाप्तिस्मा ‘होतो’. ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही कॅथलिक मराठीत रूढ आहे, आणि तो नामकरण, उपनयन यांच्या ओळीत सहज बसतो. या रचनेत ग्रहण करणाऱ्याची इच्छा गृहीत नाही. कर्ता देव आहे आणि बालक हे कृपेचे केवळ भाजन आहे. ‘घेणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांत प्रौढ बाप्तिस्मा व बालबाप्तिस्मा यांविषयीचा ख्रिस्ती जगातील चारशे-पाचशे वर्षांचा वाद साठविलेला आहे.

परंतु मराठी समाजाचे या घटनेसाठी तिसरेच क्रियापद होते: ‘बाटणे’. त्याचे प्रयोजक ‘बाटवणे’. ‘बाटणे’ हे अकर्मक आहे. विटाळाप्रमाणे ते मनुष्याला घडते. ‘बाटवणे’ यात कर्ता दुसरा असतो. या दोहोंपैकी कोणत्याही रचनेत धर्मांतर करणाऱ्याच्या श्रद्धेला किंवा इच्छेला व्याकरणाने जागाच ठेवलेली नाही. शिवाय बाटणे हे पाण्याने होते तसेच अन्नानेही होते. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाच्या बाबतीत जो गदारोळ उठला, त्यात मिशनऱ्यांच्या घरी त्याने केलेले अन्नग्रहण हाच वादाचा गाभा होता, आणि प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना स्वतःच्या समाजाशी झगडावे लागले. जातीच्या दृष्टीने पंगत आणि बाप्तिस्मा या एकाच सीमेच्या दोन खुणा होत्या.

‘तारण’ या शब्दाचेही असेच. ‘तारणे’ हे पाण्याशी निगडित क्रियापद. बुडत्याला वर ठेवणे हा त्याचा मूळ भाव, आणि इंद्रायणीत बुडविलेली तुकोबांची गाथा तरली या आख्यायिकेने तो मराठी मनात खोल रुजविला आहे. पण व्यवहारात ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तूही. या दुसऱ्या अर्थाची छाया धर्मविचारावर पडली की बाप्तिस्मा हा तारणासाठी ठेवावयाचा गहाण ठरतो: जात, वतन, संसार ठेवा आणि मुक्ती घ्या. सिद्धान्तात कृपा विनामूल्य आहे. मराठी समाजव्यवहारात मात्र तिला जबर मोल पडत होते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला आणि १८६६ च्या कायद्याने त्याच्या सोडून गेलेल्या जोडीदाराशी असलेला विवाह विसर्जित करण्याची सोय केली. हे कायदे करावे लागले यावरूनच ते मोल केवढे होते याची कल्पना येते.

३

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रात या प्रश्नाचे तीन निरनिराळे घाट दिसतात, आणि ते एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे आहेत.

बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’चा सारा ओघ १८५४ साली बेळगाव येथे झालेल्या बाप्तिस्म्याकडे वाहतो. शंका, ग्रंथवाचन, भीती, निश्चय आणि शेवटी संस्कार, अशी ती चढती रचना आहे. येथे बाप्तिस्मा हा कथेचा कळस आहे; त्याच्या पलीकडे काय, हा प्रश्न रचनेतच उद्भवत नाही. श्रद्धा आणि तिची जाहीर कबुली ही दोन्ही एकाच बिंदूत मिळतात.

पंडिता रमाबाईंच्या साक्षीचा घाट याहून अगदी भिन्न. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा व त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या पत्रव्यवहारात त्या अँग्लिकन गुरुजनांशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर व धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारावर निर्भीडपणे वाद करतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असेही विचारतात. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी साक्षीत तर त्या स्पष्ट म्हणतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्या हाती ख्रिस्ती धर्म लागला होता, ख्रिस्त लागला नव्हता. हे विधान साधे नव्हे. बाप्तिस्मा पुरेसा नाही असा त्याचा उघड आशय आहे. मात्र तो निरर्थक होता असे त्या कोठेही म्हणत नाहीत, आणि तो पुन्हा घेण्याचा विचारही मांडत नाहीत. येथे बाप्तिस्मा कथेच्या मध्यावर आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त बाप्तिस्मा प्रथम येतो तो दुसऱ्याचा, आणि आपत्तीच्या रूपाने. पती ख्रिस्ती झाला हे त्यांच्या दृष्टीने त्याच्या तारणाचे वर्तमान नव्हते. संसार उद्ध्वस्त झाल्याचे होते. पुढे त्या पतीकडे परतल्या त्याही आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवून. त्यांच्या मनाचा पालट कोणत्या क्रमाने झाला, ते पाहण्यासारखे आहे. आधी जातीभेद देवाने निर्माण केलेला नाही अशी खात्री पटली, मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निर्धार झाला आणि त्यानंतर बाप्तिस्मा आला. वस्तुतः खरी सीमा त्यांनी पाण्याच्या पेल्यापाशीच ओलांडली. संस्काराच्या पाण्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. वेस्टमिन्स्टरच्या पंडितांनी चिन्ह आणि मोहोर म्हणून जे सांगितले, ते लक्ष्मीबाईंनी कोणतीही परिभाषा न वापरता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दाखवून दिले आहे. शास्त्रार्थाचा आव न आणता शास्त्रार्थ उलगडणे हे या ग्रंथाचे सामर्थ्य आहे.

४

या तीन घाटांच्या पार्श्वभूमीवर ‘देवाचा दरबार’ पाहिला म्हणजे त्याचे मर्म ध्यानी येते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. अभंगाच्या परंपरेत उद्धाराची साधने नाम, भाव व संतसंग ही आहेत. कर्म व संस्कार यांना तेथे गौणत्व आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीचा आश्रय केला, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. पुराणाची ओवी घटना सांगते, विधीही सांगू शकते. टिळकांची ‘अभंगांजली’ मात्र ज्या छंदात लिहिली गेली तो छंद मुळातच विधीची मध्यस्थी फारशी जुमानीत नाही. ख्रिस्त हा गुरू मानला की शिष्यत्व हे नात्याने ठरते, नोंदवहीने ठरत नाही. दरबाराची कल्पना या काव्यातून अपरिहार्यपणे निघते असे म्हणता येणार नाही. पण तिचे बीज या काव्यात आहे, हे निश्चित.

टिळकांनी बाप्तिस्म्याचा निषेध केला नाही. त्यांनी केले ते एवढेच की, ‘बाप्तिस्मा घेणे’ आणि ‘बाटणे’ या दोन क्रियापदांची समाजाने घातलेली गाठ सोडविण्याचा प्रयत्न केला. मिशनने बाप्तिस्म्याबरोबर नाव, पेहराव, वसती आणि उपजीविका यांचाही पालट जोडला होता, आणि हिंदू समाजाने त्याच पालटाकडे बोट दाखवून त्या संस्काराला बाटणे ठरविले होते. दोन्ही पक्ष एका बाबतीत एकमत होते: बाप्तिस्मा म्हणजे समाज बदलणे. टिळकांचे म्हणणे या एकमताविरुद्ध होते.

आता आरंभी सूचित केलेली अडचण. बाप्तिस्म्याची सामाजिक किंमत सर्वांना सारखी पडत नव्हती, तशी त्याची प्राप्तीही सारखी नव्हती. ब्राह्मणाला बाप्तिस्म्याने पंगत अंतरत होती. अहमदनगर जिल्ह्यातील ज्या महार-मांग कुटुंबांनी याच मिशनमध्ये प्रवेश केला, त्यांना त्याच संस्काराने प्रथमच एक पंगत मिळत होती. एकाला जे पाणी बाटविणारे, तेच दुसऱ्याला मनुष्य म्हणून मान देणारे होते. अशा स्थितीत बाप्तिस्मा ऐच्छिक केला की सवलत मिळते ती मुख्यतः ज्याला गमावण्यासारखे काही आहे त्याला. बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य आपल्या घरी, आपल्या जातीतच राहणार. मग दरबारातील बंधुत्व त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणार कसे? जो उंबरठा लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्यापूर्वीच ओलांडला, तो न ओलांडताही दरबारात बसता येईल, अशी फट या योजनेत राहते. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार मूळ धरू शकला नाही. त्यामुळे या फटीचे पुढे काय झाले असते याचा निवाडा अनुभवाने होऊ शकला नाही. हाच प्रश्न पुढे १९७० नंतरच्या दशकात एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन यांच्या वादात पुन्हा उभा राहिला: ख्रिस्तावर निष्ठा ठेवून मनुष्याने आपल्याच समाजात राहावे की दृश्य मंडळीचे अंग व्हावे? थॉमस यांचा पक्ष टिळकांना जवळचा वाटला असता; न्यूबिगिन यांचा आक्षेप नगर जिल्ह्यातील नवख्रिस्ती कुटुंबांना अधिक पटला असता.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता; तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती दलित त्याबाहेरच राहिले. २०२४ साली पुदुच्चेरीतील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा व नियमित चर्चला जाणे हा ख्रिस्ती धर्म आचरीत असल्याचा पुरावा मानला, आणि दाखला नाकारला. एके काळी बाप्तिस्म्याने ब्राह्मणाला मोल पडत होते. आता ते दलिताला पडते. ‘तारण’ शब्दाचा व्यवहारातील अर्थ, काही तरी ठेवल्यावाचून काही मिळत नाही हा, अजून त्याचा पिच्छा सोडीत नाही.

तारणासाठी बाप्तिस्मा अवश्य आहे काय? ख्रिस्ती सिद्धान्ताचा विचारपूर्वक घेतलेला निष्कर्ष असा दिसतो की, देवाला त्याची गरज नाही, मनुष्याला ती असू शकते. टिळकांनी या विधानाचा पूर्वार्ध मराठीत सर्वांत धीटपणे मांडला. उत्तरार्धाची जाणीव ‘स्मृतिचित्रां’त अधिक आहे. आपण ज्या घरात पाय ठेवला ते घर आपले आहे, हे मनुष्याने एकदा चारचौघांसमक्ष सांगावे लागते. नाही तर घरातील इतरांना ते कळत नाही. टिळकांचा दरबार व लक्ष्मीबाईंचा पाण्याचा पेला ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तरच या प्रश्नाचे मराठी उत्तर पुरे होते.